चिमुकल्यांचा रोजा: पालकांचे प्रश्न

रमजान जवळ आला की दवाखान्याचा फोन त्याच त्या प्रश्नांनी वाजत राहतो. यंदा उत्तरं एकदाच लिहून टाकते. मी मुलांची डॉक्टर आहे. मसला, म्हणजे धर्माच्या नियमाचा प्रश्न, आलिमसाहेबांना (धर्माच्या जाणकारांना) विचारा, तब्येतीचं मला.

प्रश्न : मुलांनी कितव्या वर्षापासून रोजे ठेवायचे?

वयात आल्यावर. त्याआधी फर्ज, म्हणजे बंधनकारक, नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. मित्राकडे खेळून आला आणि म्हणाला, "त्याची आई दिवसभर पाणीपण पीत नाही, तिला कुणी देत नाही का?" आम्ही मुस्लिम नाही. काय सांगू?

प्रश्न छान विचारलाय त्यानं. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा एकादशी त्याला माहीत असेलच. तिथून सुरुवात करा आणि मग फरक सांगा. इथं साबुदाणा नाही, पाण्याचा घोटही नाही. उजाडायच्या आधी सहरी, सूर्य मावळला की खजूर खाऊन इफ्तार. असं महिनाभर, आणि तेही आपल्या मनानं. समोर लाडू आहे, कुणी बघत नाहीये, तरी हात लावायचा नाही. खोटं बोलायचं नाही, भांडायचं नाही. सात वर्षांच्या पोराला एवढं पुरतं. "ते लोक थुंकीसुद्धा गिळत नाहीत" हे मात्र सांगू नका. थुंकी गिळल्यानं रोजा तुटत नाही. ही अफवा मी शिकत होते तेव्हापासून ऐकतेय.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीनं हौसेनं रोजा धरला आणि विसरून बिस्कीट खाल्लं. "अम्मी, रोजा टूटा क्या?" म्हणून रडत बसली.

विसरून खाल्लं तर मोठ्यांचाही तुटत नाही. तिला आता जेवायला वाढा.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा आहे. सत्ताविसाव्या रोज्याला त्याची रोजा कुशाई (पहिल्या रोज्याचा सोहळा) ठरवलीय, हॉल घेतलाय, पेपरात फोटो द्यायचाय. जाऊबाईंच्या मुलानं साडेपाचव्या वर्षीच ठेवला होता. काय तयारी करू?

हॉल रद्द करा, ही तयारी.

रागावू नका, पण काही वर्षांपूर्वीचा एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाच्या, सुमारास आणला होता. अंगात शेरवानी, गळ्यात मोगऱ्याचा हार, ओठ पांढरे, जीभ टाळूला चिकटलेली. सकाळपासून लघवीला गेलेला नव्हता. मी ग्लास पुढं केला तर आधी अब्बांकडं बघितलं आणि मला हळूच विचारलं, "पाणी प्यायलं तर फोटो येणार नाही का?"

लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो आणि वजनाच्या मानानं खर्च मोठा. तेरा-चौदा तासांत तो साठा संपतो. वर सोलापूरचं ऊन. 2019 साली रमजान मे महिन्यात होता, तेव्हाची दुपार आठवा. दरवर्षी रमजान साधारण 11 दिवस अलीकडं सरकतो, पण आपल्याकडं मार्चसुद्धा काही थंड नसतो. "तो रडत नाही, छान सहन करतो" असं आया कौतुकानं सांगतात. अहो, सगळं घर टाळ्या वाजवतंय म्हटल्यावर तो तहान लपवणारच.

यावर मला हदीस (पैगंबरांच्या काळची नोंद) ऐकवली जाते: आशुराच्या, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या, रोज्याला सहाबी (पैगंबरांच्या काळातल्या अनुयायी) स्त्रिया मुलांनाही रोजा धरायला लावत आणि भुकेनं रडली की लोकरीचं खेळणं देत. बरोबर आहे, बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. त्यात खेळणं आहे, हॉल कुठाय? आपल्याकडं काही घरांत अर्ध्या दिवसाचा 'चिडिया रोजा' असतो, तो किती शहाणपणाचा! सहरीला सोबत उठवा, सकाळचा नाश्ता थोडा उशिरा द्या, इफ्तारचं दस्तरखान त्याला अंथरू द्या. सहरीला ज्वारीची भाकरी, अंडं, दही चालेल. शेंगाचटणी कमी, दिवसभर तहान लागते. पूर्ण रोज्याचा हट्टच असेल तर आधी त्याला तपासून घ्या. आणि पेंगायला लागला, गरगरलं, लघवी गडद झाली की तिथल्या तिथं पाणी पाजा. मगरिबची, म्हणजे सूर्य मावळायची, वाट बघायची नाही.

प्रश्न : सहरीला ओआरएसचा टेट्रापॅक दिला तर दिवसभर तहान लागत नाही, असं दुकानदार म्हणतो.

तो विकायला बसलाय. असली बरीच पेयं म्हणजे नुसती साखर. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, त्याहून गोड नाही. म्हणूनच एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) ऑक्टोबर 2025 मध्ये असल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' लिहायला बंदी केली. विजापूर वेशीत रमजानभर रंगीत सरबतं मिळतात, तीही इफ्तारला घोटभरच. ओआरएस जुलाब-उलट्यांसाठी आहे, आणि तेही पुडीवर लिहिलेल्या मापात उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची, टाइप 1 मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. आता ती बालिग झाली (वयात आली), घरातले म्हणतात रोजे ठेवायलाच हवेत. परवा रमजान सुरू होतोय.

परवा? हा प्रश्न सहा ते आठ आठवडे आधी विचारायचा असतो, डोस बदलायला तेवढा वेळ लागतो. यंदा रोजा नाही. आजारी माणसाला कुराणातच सवलत आहे; नंतरचं कसं करायचं ते आलिमसाहेब सांगतील. इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नाही, कुणी कितीही काढा सुचवू दे. बोट टोचून साखर बघितल्यानं रोजा तुटतो, या भीतीनं तपासणीही टाळू नका. बहुतेक आलिमांच्या मते तुटत नाही. साखर 70 च्या खाली गेली तर लगेच गोड द्या, 300 च्या वर गेली तर फोन करा. उद्या सकाळी साखरेची वही घेऊन या, आणि "ठेवायलाच हवेत" म्हणणाऱ्यांनाही सोबत आणा.