हवामानबदल माणसामुळेच कशावरून? आणि कोळसा सोडला तर रात्रीची वीज कुठून आणायची?

हवामान पूर्वीपासून बदलतच आलंय, मग आताचा बदल माणसामुळे कशावरून, आणि कोळसा सोडला तर रात्री दिवे कशावर लावायचे, असं तुम्ही विचारलंय. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मिळालेलं आहे. भांडायला जागा आहे ती दुसऱ्यात.

मी बरीच वर्षं कोळशावरच्या वीज केंद्रात बॉयलरवर काम केलं. कोळसा पट्ट्यावरून आत जाताना त्याचं वजन व्हायचं, राख किती निघाली तेही लिहिलं जायचं. धुराड्यातून न दिसता जे जायचं, ते मात्र कोळशाहून जड. १२ किलो कार्बन जळताना हवेतला ३२ किलो ऑक्सिजन घेतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. विजेच्या एका युनिटमागे साधारण एक किलो.

हवेत वाढलेला वायू हाच कशावरून? कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार असतो, कार्बन-१४. तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कोळशात तो उरलेलाच नसतो. असा कोळसा जाळला की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होतं, आणि ते पातळ झाल्याचं झाडांच्या वर्षवलयांत १९५० च्या दशकातच सापडलं. ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण हवेतला ऑक्सिजनही मोजता येईल इतका घटतोय (श्वासाला कमी पडेल इतका नव्हे), आणि ऑक्सिजन घटतो तो जळण्याने. आणि तापमानवाढ सूर्य जास्त तापल्यामुळे असती, तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय. हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर आहेत.

आता विजेचं. सूर्य कलतो, सौर वीज उतरते आणि नेमकी तेव्हाच घराघरांतली मागणी चढते. थंड पडलेला बॉयलर पेटवून वीज बनवणारा संच पूर्ण भारावर आणायला कित्येक तास लागतात, म्हणून संध्याकाळसाठी तो दिवसभर निम्म्या भारावर धगधगत ठेवायचा. हे मी रोज केलंय, आणि ते जाळणं मला टोचायचं. बॅटऱ्या या चार-पाच तासांसाठी चांगल्या आहेत. आठवडाभर ढग आणि वारा पडलेला, तिथे त्या पुरत नाहीत. पाणी वर चढवून साठवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची तर डोंगर लागतो, कधी कुणाची तरी जमीनही बुडते.

अणुवीज रात्रंदिवस चालते, पण उभारायला महाग आणि वेळखाऊ. तरी चालू असलेल्या अणुभट्ट्या कोळशाआधी बंद करणं मला चूक वाटतं. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन बंद केल्या तेव्हा तिथली कोळशाची केंद्रं चालूच होती.

मागणीही सरकवता येते. पाण्याचे पंप, गाड्यांचं चार्जिंग भर दुपारी झालं तर संध्याकाळचा चढ तेवढा उतरतो.

आणि या हिशेबात खाणीतली, बॉयलरवरची माणसंही धरा. पन्नाशीतल्या फिटरला संच बंद होणार हे आदल्या महिन्यात नव्हे, दहा वर्षं आधी कळायला हवं.