ललिता पवार कुठल्या मजल्यावर राहते?

चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज आज सकाळी ऑफिसच्या बसमध्ये ऐकला आणि इथे मस्कतमध्ये एकटाच हसत बसलो. दादू टीव्ही बघत जेवत होता म्हणून काकू ओरडली, तर आजी तिला म्हणाली "खाऊ दे गं त्याला, उगाच ललिता पवार होऊ नकोस", आणि तू विचारतेस ही ललिता पवार आपल्या नौपाड्याच्या बिल्डिंगमध्ये कुठल्या मजल्यावर राहते. अगं कुठल्याच नाही! ती सिनेमातली नटी. झोपाळू माणसाला कसं आपण कुंभकर्ण म्हणतो, तसं कोणी बाई डोळे वटारून खाष्टपणा करायला लागली की आपल्याकडे तिची ललिता पवार होते.

मूळ नाव अंबा, जन्म १९१६ चा. लहान असल्यापासून मूकपटात कामं करायची, म्हणजे सिनेमाला आवाजच नाही, मधेमधे पडद्यावर पाट्या यायच्या आणि बाकी सगळं चेहऱ्यानं नि डोळ्यांनी सांगायचं. बोलपट आले १९३१ ला, तोवर ती त्यात मुरलेली. पुढे हिरॉइनही झाली.

मग १९४२ मध्ये एका शूटिंगला थोबाडीत मारायचा सीन होता, भगवानदादांचा हात इतका जोरात बसला की तिच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, कितीतरी दिवस उपचार चालले तरी डावा डोळा कायमचा बारीकच राहिला. हिरॉइनची कामं गेली. दुसरी कोणी घरी बसली असती, हिनं तोच डोळा कामाला लावला. संवाद यायच्या आधीच तो डोळा बोलायचा, मला विचारशील तर ही मूकपटातलीच कमाई.

१९८७ ला रामायण लागायचं रविवारी सकाळी. मजल्यावर टीव्ही एकच, समोरच्या काकांकडे, सगळे जमिनीवर दाटीवाटीनं. मंथरा म्हणजे हीच, ती पाठीत वाकून, मान तिरकी करून कैकेयीच्या कानाशी लागली की आजी मोठ्यानं "आली बघ मेली!" आणि मी आजीच्या पदराआड.

पण 'अनाडी'मधली तिची मिसेस डिसा बघ एकदा, दिवसभर राज कपूरला शिव्या घालते आणि जीवही त्याच्यावरच, फिल्मफेअर मिळालं ते त्याच कामाला. 'आनंद'मधली मेट्रनही डिसाच, गंमत आहे ना. त्यात ती रडली की आजीही रडते, दरवेळी.

काकूला मात्र तू ललिता पवार म्हणायचं नाही हं, आजीनं म्हटलेलं चालतं. आणि आजीला मंथरा करून दाखवायला सांग, डोक्यावर पदर घेऊन एक डोळा असला बारीक करते ना! व्हिडिओ पाठव, काकू खाली भाजी आणायला गेली की काढ.

तुझा
बाबा