जायरोकॉप्टरला ‘छोटे हेलिकॉप्टर’ म्हणावे का?

गोरेगावच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, हौशी लोकांनी स्वतः बांधलेल्या जायरोकॉप्टरांचा इतिहास आठवीच्या मुलांसाठी मराठीत लिहिताना त्यांना ‘घरगुती छोटी हेलिकॉप्टरे’ म्हटले तर चालेल का, आणि या ‘कॉप्टर’चा मुळात अर्थ काय.

‘छोटे हेलिकॉप्टर’ म्हणू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण या दोहोंतला फरक आकाराचा नाही. जुहूच्या विमानतळावरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरांत इंजीन डोक्यावरची पाती फिरवते, पाती हवा खाली ढकलतात आणि यंत्र जागच्या जागी वर उचलले जाते. जायरोकॉप्टरचे इंजीन मात्र एका वेगळ्या पंख्याच्या जोरावर यंत्राला केवळ पुढे नेते; डोक्यावरची, किंचित मागे कललेली पाती त्यांच्यामधून खालून वर जाणाऱ्या हवेमुळे आपोआप फिरत राहतात, आणि म्हणूनच ते शांत हवेत एका जागी तरंगत राहू शकत नाही. आपल्या भाषेत हा फरक एका अक्षरात मावतो: हेलिकॉप्टरची पाती ‘फिरवली’ जातात, जायरोकॉप्टरची पाती ‘फिरतात’. मुलांना चौपाटीवरच्या कागदी भिरभिऱ्याचे उदाहरण द्यावे. वारा पडलेला असताना ते हातात धरून उभे राहिले तर पाकळी हलत नाही. मूल वाळूतून धावू लागले की टाचणीभोवती गरगर सुरू होते. भोवऱ्याला दोरी लागते, भिरभिऱ्याला वारा पुरतो.

आता ‘कॉप्टर’. फ्रान्सच्या गुस्ताव्ह द पाँतों दामेकूर यांनी १८६१ मध्ये ‘हेलिकॉप्टर’चे मूळ फ्रेंच रूप घडवले ते दोन ग्रीक शब्दांतून: ‘हेलिक्स’, म्हणजे मळसूत्रासारखा वेढा, आणि ‘प्तेरोन’, म्हणजे पंख. त्यामुळे शब्दाची खरी फोड ‘हेलिको’ आणि ‘प्तेर’ अशी आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असा तोडला आणि मूळ ग्रीकमध्ये नसलेला ‘कॉप्टर’ हा तुकडा मोकळा झाला; त्यातूनच पुढे क्वाडकॉप्टरसारखे शब्द निघाले. याला भाषेचा भ्रष्टपणा म्हणण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडेही असे घडलेले आहे. ‘असुर’ या शब्दातला ‘अ’ नकाराचा मानला गेला आणि ‘सुर’ जन्माला आला. ‘विधवा’ची फोड ‘वि’ आणि ‘धवा’ अशी केली गेली आणि त्यातून ‘धव’ म्हणजे पती हा शब्द मिळाला. चुकीची फोड रुजली की तिला तोडमोड म्हणता येत नाही, ती शब्दसिद्धीच होते.

नावांचा क्रम इतिहासाशी जुळवून वापरावा. वेग कमी पडला की विमान कोसळते, तो धोका टाळण्याच्या ध्यासातून स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी केलेले, आपोआप फिरणाऱ्या पात्यांचे यंत्र जानेवारी १९२३ मध्ये उडाले, आणि त्याला त्यांनी दिलेले नाव ‘ऑटोजायरो’ असे होते. ‘जायरो’च्या मुळाशी वर्तुळ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या टेहळणीसाठी फा-३३० हे याच तत्त्वावरचे, पण बिनइंजिनाचे एकआसनी यंत्र दोरीने मागे ओढत हवेत चढवत असत. ‘जायरोकॉप्टर’ हा शब्द प्रसिद्धीस आणला तो रशियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या इगोर बेन्सन यांनी, आपल्या कंपनीचे व्यापारी नाव म्हणून. त्यांचे आरंभीचे यंत्र मोटारीमागे ओढून उडवायचे होते. १९५५ मध्ये इंजीन बसवलेले यंत्र उडाले, १९५७ मध्ये बी-८एम आले, आणि नकाशे व सुटे भाग विकत घेऊन हौशी माणसे ते आपल्या गॅरेजमध्ये जोडू लागली. या माणसांचा उल्लेख लेखात आवर्जून यावा, कारण त्यांच्यामुळेच हा शब्द कंपनीचा न राहता सर्वांचा झाला. मात्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेला रोटरवे कंपनीचा स्कॉर्पियन हौशी बांधणीचा असूनही खरोखरच हेलिकॉप्टर आहे. तेथे ‘जायरोकॉप्टर’ लिहू नये.

‘घरगुती’ हे विशेषणही मला येथे पटत नाही. ‘घरगुती लोणचे’ म्हणजे घरी केलेले हे खरे, पण यंत्र किंवा इंधन यांच्यामागे तो शब्द आला की मुंबईतल्या मुलाला घरगुती गॅस आठवतो, म्हणजे घरात वापरण्याची वस्तू. ‘हौशी बांधणीचे जायरोकॉप्टर’ किंवा सरळ ‘स्वतः बांधलेले’ असे लिहावे. अनेकवचन ‘जायरोकॉप्टर्स’ न करता ‘जायरोकॉप्टरे’ करावे; एकवचनात ‘जायरोकॉप्टरने’, ‘जायरोकॉप्टरमध्ये’ ही रूपे कानाला सरावलेली आहेत, तीच ठेवावीत. आणि पहिल्या परिच्छेदात कंसात का होईना, ‘भिरभिऱ्याच्या तत्त्वावर उडणारे विमान’ एवढे जरूर द्यावे.