स्पेशल टीचरांचे प्रश्न: कामाचा ताण कमी करायचा तर सुरुवात कुठून?

यावेळी बहुतेक प्रश्न विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या स्पेशल एज्युकेटर आणि अनेक शाळांत फिरणाऱ्या रिसोर्स टीचरांचेच आलेत, गोव्याच्या वेगवेगळ्या तालुक्यांतून. सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे दोष स्वतःलाच देणं. मीच कमी पडते, माझ्यातच सहनशक्ती नाही. मला हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याच वेळा माणूस ठीक असतो, त्याच्यावर काम ज्या पद्धतीनं टाकलंय ती पद्धत चुकलेली असते.

डिचोलीहून एक टीचर: माझ्या वर्गातला ऑटिझम असलेला नऊ वर्षांचा मुलगा अचानक मारतो, चावतो. गेल्या आठवड्यात दंडाला चावला. घरी येऊन खूप रडले, आता सकाळी शाळेत जायचीच भीती वाटते. मी या कामाला लायक नाही का?

मॅडम, आधी तो दंड. कातडी फुटली असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि अजून दाखवला नसेल तर आजच डॉक्टरला दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंय तेही सांगा. आणि शाळेत याची लेखी नोंद करा. कितीतरी टीचर हे लपवतात, आपल्याला वर्ग सांभाळता येत नाही असं लोक म्हणतील म्हणून, आणि मग मुलाच्या फाइलमध्ये काहीच नसतं आणि मदत मागायला आधारच उरत नाही.

आता "अचानक" या शब्दाबद्दल. तुम्हाला अचानक वाटतं हे खरं आहे, पण मुलाच्या बाजूनं आधी काहीतरी घडलेलं असतं. दोन आठवडे एका वहीत तीनच रकाने करा: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. यात वेळ, जागा, आवाज, कोण जवळ होतं, हे सगळं येऊ दे. आपल्याकडे पावसात पत्र्यावर जो आवाज होतो तो आपल्याला सवयीचा, पण आवाज सहन न होणाऱ्या मुलाला तो असह्य होऊ शकतो, शाळेची बेल तशीच, शिगम्याच्या दिवसांत ढोल-ताशांची तालीम जवळपास चालू असेल तर तेही. दुसरं म्हणजे काम अवघड झालं की मूल मारतं, मग आपण काम बाजूला ठेवतो, आणि त्याला समजतं की मारलं की सुटका होते. तसं असेल तर त्याला सुटका मागायचा दुसरा मार्ग शिकवायचा, "ब्रेक" चं चित्रकार्ड द्यायचं, आणि कार्ड दाखवलं की लगेच ब्रेक द्यायचा, अगदी लगेच. सुरुवातीला तो सारखं कार्ड दाखवेल, दाखवू दे.

आणि तुमच्यासाठी एकच मागणी हेडमास्तरांकडे करा: असं काही झालं की दहा मिनिटं वर्ग सांभाळायला कोण येणार हे आधीच ठरलेलं हवं, नावासकट. मार खाऊन, डोळे पुसून पुढच्या मिनिटाला परत शिकवायला उभं राहायचं, हे कोणाकडूनच अपेक्षित ठेवू नये. भीती वाटणं म्हणजे नालायक असणं नव्हे, तुम्हाला लागलंय म्हणून भीती वाटते.

सत्तरी तालुक्यातली एक रिसोर्स टीचर: मला अनेक शाळा बघायच्या असतात, बसनं फिरते. प्रत्येक शाळेत पाहुणी असल्यासारखं वाटतं, कोणी रजेवर असेल तर त्यांचा वर्ग माझ्यावर टाकतात. वर रिपोर्ट, आराखडे, सर्टिफिकेटची कामं. मुलांना शिकवायला वेळच उरत नाही.

तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ विचार करत होते, कारण या पेशातल्या ताणाचं मूळ बहुतेक वेळा इथंच सापडतं. यावर जगभर अभ्यास झालेत आणि त्यांत मुलांच्या वागण्याबरोबर पुन्हा पुन्हा येणारी कारणं म्हणजे कागदपत्रं, आपलं नेमकं काम काय ते स्पष्ट नसणं, वरिष्ठांचा पाठिंबा नसणं, आणि एकटेपणा. तुमच्या बाबतीत चारही आहेत.

मग काय करायचं? एक आठवडा रोजचं काम लिहा, प्रवासासकट. किती वेळ मुलांबरोबर, किती कागदांवर, किती दुसऱ्याच्या वर्गावर. तक्रार म्हणून नको, नुसता तक्ता. तो घेऊन कोऑर्डिनेटरकडे जा आणि विचारा, यातलं कुठलं काम माझं, कुठलं नाही, आणि उत्तर लेखी मागा. तोंडी सांगितलेलं पुढच्या महिन्यात कोणाला आठवत नाही. महिन्याचं वेळापत्रक सगळ्या शाळांना आधीच पाठवा, त्यात स्पष्ट लिहा की या तासाला अमुक मुलाबरोबर सत्र आहे, म्हणजे तुम्हाला बदली वर्गावर पाठवताना त्या मुलाचं सत्र बुडतंय हे समोर दिसेल.

मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात बारा-पंधरा उद्दिष्टं लिहू नका. एका सहामाहीला तीन पुरेत, पण रोजच्या जगण्यात दिसणारी: स्वतः डबा उघडणं, आपलं नाव ओळखणं, बालरथमध्ये, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, शांत बसणं. नोंदी फोनवर मराठीत बोलून टाइप करा, बसमध्ये नको, शाळेतच सत्र संपल्यावर पाच मिनिटांत, मुलांची माहिती आहे ती.

आणि हे सगळं एकट्या माणसानं उचलायचं ओझं नाही हे सुप्रीम कोर्टानंही बघितलंय. ऑक्टोबर 2021 च्या निकालात स्पेशल टीचर आणि विशेष गरजा असलेली मुलं यांचं प्रमाण प्राथमिकला 1:10 आणि त्यावरच्या वर्गांना 1:15 असं धरलंय, आणि मार्च 2025 मध्ये राज्यांना पदं मंजूर करून जाहीर करायला सांगितलंय. पदांची मागणी करायची असेल तर हे आकडे घेऊन करा, पण सगळ्या रिसोर्स टीचरांनी मिळून, एकटीनं नको.

एकटेपणाचं राहिलंच. महिन्यातून एकदा आजूबाजूच्या दोन-तीन स्पेशल टीचर भेटा, वाळपईला नाहीतर साखळीला, एका मुलाची केस मांडा आणि सगळ्यांनी मिळून बोला. नाहीतरी स्पेशल टीचरांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करताना ट्रेनिंगचे पॉइंट लागतात, ती ट्रेनिंग तरी एकत्र करा.

फोंड्याहून: आमच्या शाळेत टीचरांसाठी योगाचं सेशन ठेवलं. उपयोग होतो का?

होतो, झोप सुधारते, अंग मोकळं होतं, करायला हरकत नाही. पण ते सेशन शाळा सुटल्यावर सक्तीनं ठेवलं असेल आणि कामाचा एकही कागद कमी केला नसेल, तर तो आणखी एक तास कामच झाला. आधी काम कमी करा, मग योग.

म्हापशाहून एक टीचर: पालक रात्री अकरालासुद्धा व्हॉट्सअ‍ॅप करतात. उत्तर नाही दिलं तर अपराधी वाटतं, ती आई पण एकटीच असते.

ती आई थकलेली आहे हे तुम्हाला दिसतं, हे मला फार मोलाचं वाटतं. तरी वेळ ठरवाच. वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या पालकांना सांगा की मेसेज कधीही पाठवा, उत्तर दुपारी अमुक ते अमुक वेळेत मिळेल, आणि स्वतः तो नियम पाळा, एका रात्री उत्तर दिलं की नियम संपला. मुलाच्या दप्तरात एक छोटी वही ठेवा, रोज दोन ओळी, त्यातली एक तरी चांगली गोष्ट. दिवसभराचं काहीच कळलेलं नसतं म्हणूनही पालक रात्री विचारतात. तातडीचं वेगळं करून समजावा: फिटचा झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर 108, टीचर नव्हे. हे कागदावर लिहून द्या आणि फ्रीजवर लावायला सांगा.

मडगावहून, नाव नको: पूर्वी मुलांनी छोटंसं काही केलं तरी आनंद व्हायचा. आता काहीच वाटत नाही. यंत्रासारखी शिकवते.

हे तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. याला बर्नआउट म्हणतात आणि त्याची तीन लक्षणं क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बऱ्याच वर्षांपूर्वी मांडली: मनातून रिकामं होणं, माणसांपासून तुटल्यासारखं वाटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटत राहणं. जागतिक आरोग्य संघटनाही याला कामाशी जोडलेली अवस्था मानते, आजार नव्हे. तुमचं प्रेम आटलेलं नाही, खूप दिवस भरपाई न होता खर्च होत राहिलंय. शक्य असेल तर रजा घ्या, आणि परत आल्यावर कामात काय बदलणार ते जायच्या आधी ठरवा, नाहीतर आठवड्यात परत तिथंच.

पण एक नीट तपासा. घरीसुद्धा, सुट्टीतसुद्धा, गणेश चवथीला माणसं जमलेली असतानासुद्धा काहीच गोड लागत नाही, झोप-भूक बिघडलीय, आणि हे दोन आठवडे रोजचंच झालंय, तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. बांबोळीच्या मनोरुग्णालयात ओपीडी आहे, तिथं जायला लाजू नका. जीव नकोसा वाटत असेल तर उद्यावर ढकलू नका, आत्ताच फोन लावा आणि घरातल्या एकाला सांगा.

पेडण्यातून एक हेडमास्तर: आमच्या स्पेशल टीचरनी राजीनामा द्यायचं म्हटलंय. चांगल्या आहेत. माझ्याकडे द्यायला पैसे नाहीत, मी काय करू?

सर, तुम्ही विचारलंत याचाच मला आनंद झाला. तुमच्या हातात पगार नाही पण वेळापत्रक आहे. त्यांना बदली वर्ग आणि गॅदरिंगची कामं देणं बंद करा. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं ठरवून त्यांच्याबरोबर बसा, फोन बाजूला ठेवून. स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगा की ही मुलं वर्गशिक्षकाची आहेत, स्पेशल टीचर मदतीला आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेशक शिक्षणाची जबाबदारी संस्थेवर टाकलीय, एका बाईंवर नाही. "तुमचा मुलगा बघा काय करतोय" असं म्हणून कोणी मुलाला त्यांच्या दारात आणून सोडत असेल तर ते आधी थांबवा.

आणि राजीनाम्याचा कागद घ्यायच्या आधी त्यांना विचारा, उद्यापासून तुमच्यावरचं कुठलं एक काम मी काढून घेऊ? त्या सांगतील ते काम दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच दुसऱ्याला द्या, आणि त्यांच्या देखत द्या.