झुकिनीच्या भरवशावर घड्याळाचा हप्ता?

प्रश्न (बुधगाव, जि. सांगली) : मी सांगलीत एका खासगी फर्ममध्ये हिशेबाचं काम करते. पगार हातात २४,००० रुपये, मिस्टरांचा ३२,०००. घरात सासूबाई आणि नववीतला मुलगा. घरखर्च ३६,००० होतो (वहीत भाजीचे आठवड्याला ७०० लिहिलेत), बाकी पैसे गाडीचा हप्ता, भिशी आणि मुलाच्या क्लासमध्ये जातात. बँकेत शिल्लक ४५,००० आहे. गेल्या वर्षी क्लासच्या फीसाठी माझ्या पाटल्यांवर १२ टक्क्यांनी ६०,००० रुपये सोनेतारण काढलं, ते अजून तसंच आहे. स्मृती मानधनामुळे मी बंगळुरूच्या टीमची चाहती झाले. त्या टीमचं ‘लिमिटेड एडिशन’ घड्याळ १८,९९९ रुपयांना आहे, नऊ महिने २,१११ रुपयांचा नो-कॉस्ट ईएमआय, प्रोसेसिंग फी १९९ रुपये आणि त्यावर जीएसटी. एकरकमी दिले तर दहा टक्के सूट. त्याच टीमचं साधं घड्याळ ३,२९९ रुपयांना मिळतंय. घरामागे अर्ध्या गुंठ्यात झुकिनी लावली आहे. जानेवारीच्या शेवटापासून रोज चारेक किलो निघते, खाऊन संपत नाही. विश्रामबागचं एक हॉटेल आठवड्यातून दोनदा पाच-पाच किलो घेतं, ४० रुपयांनी. रोजच्या चार किलोचे महिन्याला ४,८०० होतात, म्हणजे हप्ता सहज निघेल. उरलेली वाळवून विकायला ९,५०० रुपयांचा ड्रायरही बघून ठेवलाय. ‘लिमिटेड एडिशन आहे, पुढे किंमत वाढेल’ असं दुकानदारही म्हणतो. काय करू?

उत्तर :

ताई, घड्याळ घ्या. ३,२९९ रुपयांचं घ्या, रोखीनं घ्या आणि मार्चअखेरीस घ्या. १८,९९९चं घेऊ नका आणि ड्रायरचा विचार यंदा तरी सोडून द्या.

घड्याळाची हौस मला अजिबात गैर वाटत नाही. तुमच्या शेजारच्या माधवनगरात वाढलेली मुलगी २०२३ साली महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात ३ कोटी ४० लाखांची सर्वांत महागडी खेळाडू ठरली. २०२४ला तिनं बंगळुरूला विजेतेपद मिळवून दिलं आणि नोव्हेंबर २०२५मध्ये नवी मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची ती उपकर्णधार होती. तिच्या टीमचं घड्याळ आपल्या मनगटावर असावं असं तुम्हाला वाटतं, हे किती छान आहे. दोन पगारांच्या घरातसुद्धा बाईनं स्वतःसाठी काही मागितलं की ते मुलाच्या फीच्या आणि घराच्या डागडुजीच्या मागे ढकललं जातं. तुमची मागणी तशी ढकलली जाऊ नये, म्हणूनच तिचा खर्च नीट बसवायचा आहे.

आता तुमचा ४,८०० रुपयांचा हिशेब. तो निघणाऱ्या झुकिनीवर मांडलाय, विकल्या जाणाऱ्या झुकिनीवर नाही. हॉटेल आठवड्याला दहा किलो घेतं, म्हणजे ४०० रुपये. महिन्याचे झाले सतराशेच्या आसपास. हप्ता २,१११चा आहे. चांगल्या दिवसांतसुद्धा चारशे रुपये कमीच पडतात. हॉटेलवाल्यानं आणखी दहा किलो घ्यावी म्हणून तुम्ही आग्रह केलात तर तो भाव पाडून मागेल, कारण हा माल फार टिकत नाही हे त्यालाही माहीत आहे.

त्याहून मोठी अडचण काळाची आहे. झुकिनीचं रोप लावणीपासून दीड महिन्यात फळाला येतं, दीड-दोन महिने भरभरून देतं आणि थकतं. जानेवारीअखेरीस तोड सुरू झाली असेल तर गुढीपाडव्याच्या सुमाराला तुमची रोपं संपत आलेली असतील. सांगलीचं ऊन तापलं की फळधारणा कमी होते आणि पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आली तर त्याच्या आधीच कारभार आटोपतो. आपल्या द्राक्षपट्ट्यातल्या माणसाला भुरी काय करते ते वेगळं सांगायला नको. हप्ते मात्र नऊ महिने चालणार, म्हणजे त्यातले सात तरी पगारातून जाणार. दोन महिन्यांच्या पिकावर नऊ महिन्यांचं देणं ठेवायचं नाही, मग ते पीक अर्ध्या गुंठ्यातलं असो की दहा एकरांतलं.

नो-कॉस्ट ईएमआयचंही बघू. रोख दिले तर दहा टक्के सूट, म्हणजे घड्याळ १७,०९९ला पडतं. हप्त्यावर घेतलं तर १८,९९९ आणि वर फी व जीएसटी मिळून २३५. म्हणजे उधारीची किंमत झाली २,१३५ रुपये. तुम्ही मुद्दल दर महिन्याला थोडं थोडं फेडत जाणार, हे धरून काढलं तर हा दर वर्षाला साधारण २९ टक्के पडतो. तुमचं सोनेतारण १२ टक्क्यांचं आहे. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ साली बँकांना स्पष्ट शब्दांत कळवलं होतं. व्याज किमतीत मिसळलेलं असतं किंवा सोडून दिलेल्या सवलतीत लपलेलं असतं. तुमच्या बाबतीत ते सवलतीत आहे. बिलावर वेगळं व्याज दाखवून तेवढीच सूट दिलेली असेल, तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटीसुद्धा तुमच्याच खात्यातून जातो. तेव्हा हप्त्याचे कागद बघताना ती ओळ शोधा.

‘लिमिटेड एडिशन आहे, पुढे किंमत वाढेल’ असं दुकानदार म्हणाला, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. त्यावर अजिबात विसंबू नका. १८,९९९मधले जवळपास २,९०० रुपये नुसता जीएसटी आहे, तो विकताना परत येत नाही. आत बॅटरीवर चालणारं नेहमीचंच यंत्र आहे. उरतं ते टीमचं चिन्ह, आणि क्रिकेटच्या टीमचं नाव-चिन्ह कायम राहत नाही. याच टीमच्या नावातलं ‘बँगलोर’ मार्च २०२४मध्ये ‘बंगळुरू’ झालं. दिल्ली डेअरडेव्हिल्सचं दिल्ली कॅपिटल्स झालं, किंग्ज इलेव्हन पंजाबचं पंजाब किंग्ज. आपल्या पुण्याचं तर बघा : पुणे वॉरियर्स २०१३ला बाहेर पडली, रायझिंग पुणे दोन मोसम खेळली, २०१७चा अंतिम सामना एका धावेनं हरली आणि संपली. त्या टीमची वस्तू कुणी जपून ठेवली असेल तर प्रेमापोटी, आणि तेच तिचं खरं कारण असायला हवं. तुम्हीही घड्याळ प्रेमापोटीच घेताय. मग ते ३,२९९चं असलं तरी चिन्ह तेच आहे.

साधं घड्याळ घेताना दुकानात उलटं करून मागचं झाकण वाचा. ‘३ एटीएम’ (घड्याळ पाणी किती सोसेल त्याचं माप) लिहिलं असेल तर ते फक्त पाण्याचे शिंतोडे सोसतं. तुम्ही रोज परसात पाणी घालता, भांडी-धुणं होतं, तेव्हा ‘५ एटीएम’ असेल तर बरं. पट्टा कसा जोडलाय तेही बघा. सरळ पिनेवर बसणारा १८ किंवा २० मिलिमीटरचा पट्टा कुठल्याही घड्याळजीकडे बदलून मिळतो. टीमच्या घड्याळांत कधीकधी केसलाच जोडलेला खास आकाराचा पट्टा असतो. तो दोन वर्षांत तुटला की घड्याळ चालू असूनही कपाटात जातं. लाल तबकडीवर काळे काटे असतील तर ऑफिसात लांबून वेळ दिसते का, हे हातात घालून बघा. माल अधिकृत परवान्याचा आहे ना, हे बघून जीएसटीचं पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घ्या. सामन्यांच्या दिवसांत नकली चिन्हांची घड्याळं फूटपाथवर भरपूर येतात.

आणि आता तुमच्या परसाकडे, कारण खरा पैसा तिथेच आहे. हॉटेलला दिलेल्या किलोचे तुम्हाला ४० मिळतात. पण तीच झुकिनी घरात दुसऱ्या भाजीच्या जागी शिजली तर मंडईतल्या साठ-सत्तर रुपयांच्या भाजीचे पैसे वाचतात. तुमच्या वहीत भाजीचा आठवड्याचा खर्च ७०० रुपये लिहिलाय. तो निम्मा करता आला तर आठवड्याला ३५० रुपये सुटतात, आणि त्यासाठी कुणाच्या दारात पाटी घेऊन जावं लागत नाही. फक्त घरच्यांनी रोज तेच तेच खायला कंटाळू नये, एवढं बघायचं.

फळ वीतभर लांबीचं झालं की तोडायचंच. दोन दिवस राहिलं तर दुधीएवढं होतं, बी जून होते आणि हॉटेलवाला नाकारतो. अशी चुकून मोठी झालेली असतील ती मधोमध चिरून, बियांचा गर काढून, दुधीसारखी हरभऱ्याची डाळ घालून शिजवा. कोवळ्यांची पीठ पेरून भाजी फार छान होते. मोहरी, ठेचलेला लसूण, कांदा-लसूण चटणी, चकत्या टाकल्या की झाकण ठेवायचं नाही. झुकिनीत ९५ टक्के पाणीच असतं, झाकलं की त्याचा गिचका होतो. मोठ्या आचेवर पाणी आटलं की भाजलेलं बेसन भुरभुरायचं आणि शाळूच्या भाकरीबरोबर लगेच वाढायची. थालीपिठासाठी किसून मीठ लावा, दहा मिनिटांनी पिळा आणि सुटलेल्या त्याच पाण्यात भाजणी मळा. कोशिंबीर करायची तर कच्चा कीस पिळून त्यात दाण्याचं कूट आणि दही. नर फुलं सकाळी निघतात, त्यांतली परागासाठी चार-पाच ठेवून बाकीची भोपळ्याच्या फुलांसारखी भजी करा, मुलगा आवडीनं खाईल. एक जपा : चिरताना तुकडा चाखा, आणि कडू लागला तर ते अख्खं फळ टाका. काकडी-दुधीच्या या कुळात कडूपणा विषारी असू शकतो, आणि तो शिजवून जात नाही.

ड्रायर नको म्हणते त्याचं कारणही हेच पाणी. दहा किलो झुकिनी वाळवली की हातात जेमतेम अर्धा किलो माल येतो. हॉटेलला तीच दहा किलो ४०० रुपयांना जाते. वाळवलेल्या अर्ध्या किलोचे विजेचा खर्च धरून ४००च्या वर कोण देणार, हे ठरलेलं नसताना ९,५०० घालू नका. शिवाय विकायचं म्हटलं की घरगुती व्यवसायालाही अन्नसुरक्षेची नोंदणी, पॅकिंग, लेबल आलं. त्याऐवजी सासूबाईंना हाताशी घ्या आणि सांडगे घाला. हरभऱ्याची आणि मुगाची डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात घट्ट पिळलेला कीस, जिरं, लसूण, तिखट. गच्चीवर कापडावर बोटानं तोडून ठेवले की फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तीन-चार दिवसांत कडकडीत वाळतात. मे-जूनमध्ये भाजी महाग होते तेव्हा आठवड्यातली एक भाजी त्यात निघेल. तेलातलं लोणचं मात्र झुकिनीचं नको, पाणी सुटून नासतं.

पैशांचं असं करा. हॉटेलचे ४०० आणि भाजीत वाचलेले ३५० दर बाजाराच्या दिवशी एका वेगळ्या डब्यात टाका. वाचलेले ३५० त्याच दिवशी पाकिटातून काढून डब्यात पडले तरच ते वाचले, नाहीतर ते किराणात विरघळतात आणि महिनाअखेरीस सापडत नाहीत. पाच आठवड्यांत ३,७५० होतात. घड्याळ घेऊन साडेचारशे उरतील, त्यातून पुढच्या हंगामाचं बियाणं आणा. पीक आधीच आटोपलं तर घड्याळ महिनाभर पुढे ढकला, पण बँकेतल्या ४५,०००ला हात लावू नका. ते जेमतेम सव्वा महिन्याच्या खर्चाएवढे आहेत, तुमच्या घराला निदान तीन महिन्यांचे हवेत.

पगारातून महिना २,१११ द्यायची तुमची तयारी होतीच. त्यातले २,००० एप्रिलपासून सोनेतारणाच्या मुद्दलात भरा. आज त्या कर्जावर महिन्याला ६०० रुपये व्याज चढतंय. नऊ महिन्यांत मुद्दल ४२,०००वर येईल आणि व्याज ४२०वर. आधी शाखेत जाऊन दोन गोष्टी विचारा : मधेच मुद्दल भरता येतं का, आणि वर्ष संपल्यावर नूतनीकरणाचे किती पैसे लागतात. भरताना ‘व्याज नव्हे, मुद्दल’ असं स्लिपवर लिहा आणि शिल्लक मुद्दलाची नोंद असलेली पावती प्रत्येक वेळी मागून घ्या.