आजोबांची पॉइंट टू-टू: आधी रॉकेल, मग खर्च

तुमचा प्रश्न मी असा समजलो: आजोबांची ब्रनो मॉडेल २, म्हणजे पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफल, वारसाहक्काने रीतसर तुमच्या परवान्यावर आली आहे, वीस वर्षं कपाटात पडून होती, तीन काडतुसांतलं एखादं उडतच नाही, आणि पंधरा हजारांत नवा दस्ता (रायफलीचा लाकडी भाग), नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा, गंज रोखणारा थर) आणि स्कोप (नेमाची दुर्बीण) असं सगळं करायचं आहे. माझं सांगणं, नव्या दस्त्याचे आणि ब्लूइंगचे पैसे वाचवा.

आमच्या घरच्या रायफललाही हेच दुखणं होतं. एका दुरुस्तीवाल्याने फायरिंग पिन (काडतुसावर आदळून ते पेटवणारी) आणि स्प्रिंग दोन्ही बदलायला सांगितलं होतं. मी बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडला तर आत मधासारखा पिवळा, चिकट थर. कोकणातलं घर, कुणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल लावलेलं! ते सुकून डिंक झालं होतं आणि पिन आतल्या आत रेंगाळत होती. बोल्ट रात्रभर रॉकेलमध्ये ठेवला, जुन्या दातांच्या ब्रशने घासला, कोरडा करून बंदुकीच्या तेलाचा एक थेंब दिला. त्यानंतर एकही काडतूस फुसकं गेलं नाही.

तरीही उडलं नाही, तर चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या) कडेवर टॉर्च मारून बघा. या रायफलीचं काडतूस रिमफायर, त्याची पेटणारी दारू बुडाच्या कडेत असते, म्हणून पिन कडेवर मारते. काडतूस नसताना चाप ओढत राहिलं, की अनेक रायफलींत तीच पिन चेंबरची कड ठेचते. तिथे खड्डा दिसला तर काम परवानाधारक कारागिराचं. चापाचा सिअर (चाप ओढेपर्यंत पिन अडवून धरणारा तुकडा) घासून हलका करण्याच्या फंदात घरी पडू नका. नळी आखूड करायचा विचार तर मनातही आणू नका, विनापरवाना तसं करणं शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे.

नळीची काळजी करू नका. पॉइंट टू-टूची गोळी मऊ शिशाची, जेमतेम २.६ ग्रॅमची. तिच्याने नळी झिजायला हजारो गोळ्या लागतात. नळ्या बिघडतात त्या साफ करायच्या गजाने. बोल्ट काढा आणि गज मागूनच घाला. तोंडाकडून घातला तर तो तोंडाची कड खातो, आणि गोळी शेवटचा स्पर्श त्याच कडेला करते. गजाला लावलेली पहिली चिंधी काळी येईल, पुढची दोन-तीन तांबूस, मग राखाडी. तिथे थांबा. बाहेरच्या गंजावर तेल आणि अगदी बारीक, चार शून्यांची स्टील वूल, हलक्या हाताने. कॅनव्हासच्या पिशवीत रायफल ठेवू नका, ती दमट हवा धरून ठेवते.

स्कोप हवाच असेल तर या रायफलीवर ११ मि.मी.ची खाच आहे, एअर रायफलच्या, स्कोप धरणाऱ्या रिंगा बहुधा बसतात. पॅरलॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण निशाणावरून सरकल्यासारखी दिसणं) ५० यार्डांसाठी जुळवलेला आहे ना, एवढं विचारून घ्या. उरलेले पैसे परवान्याच्या मर्यादेत तीन-चार प्रकारच्या काडतुसांवर घाला आणि रेंजवर प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या ५० मीटरवर मारून बघा. प्रत्येक नळीला एखादंच काडतूस मानवतं. त्यातला फरक कुठल्याही नव्या दस्त्यापेक्षा मोठा असतो.

दस्त्याला उकळलेलं जवसाचं तेल तळहाताने चोळा, पातळ हात, मध्ये दोन-दोन दिवस सोडून. त्या तेलाच्या चिंध्या मात्र चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा. आणि जिथे आजोबांचा गाल टेकत होता, तिथलं लाकूड गुळगुळीत झालेलं असेल. तिथे पॉलिश पेपर लावू नका.