फी तर भरून झाली होती

ताई, मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत आहे. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. तिच्या क्लासमध्ये पेपर तपासायला बसणारा तेवीस वर्षांचा एक मुलगा तिला इन्स्टाग्रामवर मेसेज करायचा, हे मागच्या आठवड्यात कळलं. गोड बोलून त्याने तिच्याकडून एक नको तसला फोटो मागवला. आता आणखी पाठव, नाहीतर हा तुझ्या बाबांना पाठवतो, म्हणून धमकावतोय. मी फोन काढून कपाटात ठेवला, मेसेज पुसले, खातं डिलीट केलं. परत असलं काही केलंस तर बाबांना सांगेन, असं बजावलं. ह्यांना अजून माहीत नाही, कळलं तर घरात महाभारत होईल. नवरात्रात ती क्लास बदलू का म्हणून मागे लागली होती, पण वर्षाची फी भरून झाली होती. मला खुपतंय ते वेगळंच. मी तिच्याशी मैत्रिणीसारखी वागते, तरी तिने एवढं मोठं माझ्यापासून का लपवलं?
– एक आई

तिने सांगितलं होतं. नवरात्रात.

ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत, मी मात्र तिथेच अडकले. ‘मागे लागली होती’ म्हणता, म्हणजे एकदा विचारून गप्प बसली नाही. तुम्ही भाजी निवडत असताना म्हणाली असेल, गाडीवर मागे बसून म्हणाली असेल. त्यावर तुम्ही ‘का गं?’ म्हणालात? पत्रात तसं काही दिसत नाही. पत्रात फी आहे. मैत्रिणीने निदान ‘का गं’ विचारलं असतं.

या वयाच्या मुली आईसमोर बसून, माझ्या बाबतीत अमुक अमुक गुन्हा घडतोय, असं सांगत नाहीत. त्या म्हणतात, क्लास बदलू का. आज नाही गेले तर चालेल? तू सोडायला येशील? मी सातवीत असताना एका घरी पेटी शिकायला जायचे. दर मंगळवारी संध्याकाळी माझं पोट दुखायचं, आणि आई तळहातावर ओवा नि काळं मीठ ठेवायची, वरून कोमट पाणी. ओवा चावून चावून जीभ बधिर व्हायची आणि मी तशीच पेटीला जायचे. आई मायाळूच होती हो. पण हे पोट मंगळवारीच का दुखतं, असं तिने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. पेटी मला आजही वाजवता येत नाही.

तेव्हा ‘लपवलं’ ही तक्रार आधी मागे घ्या.

आता ते बाबांचं. तो म्हणतो, बाबांना पाठवतो. तुम्ही म्हणता, बाबांना सांगेन. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचा जरा. त्या पोराचं सगळं बळ या एका भीतीवर उभं आहे, आणि तिला खतपाणी घरातून मिळतंय. बाबांना तुमच्याच तोंडून कळलं, की त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. तिला आधी कल्पना द्या आणि मग सांगा. महाभारत व्हायचं तर तुम्हा दोघांत होऊ दे, तिच्या अंगावर येऊ देऊ नका. ते हात उगारणाऱ्यांतले असतील, तर मात्र आधी मदत, मग ते.

मेसेज पुसले म्हणून प्रकरण मिटलं नाही. ती अठराच्या आतली आहे. तिच्याकडून असा फोटो मागवणं, तो दाखवायची धमकी देणं, हा मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी केलेल्या २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. तिने ‘स्वतःहून’ पाठवला, ही पळवाट त्याला नाही. शिवाय माहीत असून पोलिसांना न कळवणं हासुद्धा त्याच कायद्याने गुन्हाच, त्यामुळे झाकून ठेवायची सोय तुम्हाला नाही. गावात बोभाटा होईल या भीतीने तुमची झोप उडाली असणार, म्हणून सांगते. जबाब घरी किंवा तिला हवा तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, तीही गणवेशात येत नाही. मुलीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. तिचं नाव, शाळा, फोटो छापायला बंदी आहे, खटलाही बंद दाराआड चालतो. बालकल्याण समिती सोबतीला एक माणूस देऊ शकते, जो शेवटपर्यंत बरोबर राहतो.

फोन कपाटातून काढा. इन्स्टाग्रामचं डिलीट केलेलं खातं ३० दिवसांच्या आत लॉग-इन केलं तर वाचतं, आणि तुम्हाला आठवडाच झालाय. खातं उघडायला तिला सांगा, तुम्ही तिच्या पासवर्डशी झटापट करू नका. यापुढे काही म्हणता काही पुसायचं नाही. तो फोटोही राहू दे. ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सोय आहे. त्यात फोटो फोनमधून कुठेही जात नाही, त्याचा फक्त सांकेतिक ठसा पाठवला जातो, आणि त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुक तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. त्या पोराला फोन करून झापायचं नाही, क्लासवाल्यांकडेही आधी जायचं नाही. सावध झाला की तोही पुसापुशी करेल. मुलगी जेवत नसेल, ‘मी नसते तर बरं’ असलं काही बोलत असेल, तर तिला एकटी झोपवू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर लगेच फोन करा.

बाकी सगळं उद्या. आज जेवणं झाली की तिला शेजारी बसवा आणि म्हणा, ‘नवरात्रात तू क्लास बदलायचं म्हणालीस, मी का म्हणून विचारलं नाही. चुकलं माझं.’ एवढंच. ‘पण तूसुद्धा’ हे शब्द जिभेवर आले तर गिळून टाका. मग तिच्या देखत १०९८ लावा. ही मुलांची हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत सुरू झाली, २०२३ पासून सरकार चालवतं; चोवीस तास, मोफत. फोन स्पीकरवर ठेवा. ती काही बोलली नाही तरी चालेल. ‘माझ्या मुलीला एक माणूस त्रास देतोय’ असं तुम्ही म्हणाल, तेव्हा ते तिला ऐकू येऊ द्या.